‘बिघडलेला नवरा’ म्हणजे ‘वानर’: गूढकोड्यात हे चालतं का?

आर्णीवाला

राम राम मंडळी. एक भांडण मिटवून द्या, घरातलंच आहे पण मिटता मिटत नाही.

आमच्या इकडं एका वाचनालयानं दिवाळीनंतर गूढ शब्दकोड्याची स्पर्धा ठेवली होती. पेपरात येतं तसं ‘विठ्ठलाचं गाव, पाच अक्षरी’ वालं नाही, तर ज्यात क्लू दिसायला एक सांगतो आणि आतून दुसरंच, ते. म्हणजे क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराच्या अक्षरांचा खेळ. तीन जणांची टीम, दीड तास, बक्षीस पुस्तकांचं. आमच्या टीममध्ये मी, माझा मावसभाऊ आणि कृषी केंद्रात बसणारा एक दोस्त, ज्याला युरियाच्या गोण्या मोजता मोजता शब्द सुचतात.

कोडं मस्त होतं हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल हरला म्हणून रडतो. पहिलाच क्लू बघा: ‘का’ विचार, पांढरं सोनं मिळेल (३). का अधिक पूस, कापूस. विचार म्हणजे पूस. आम्ही टाळ्या वाजवल्या राव, बाजूच्या टेबलावरचे बघायला लागले. दुसरा एक: नातू रडला, पोटात डाळ (२). हाही सुटला.

आता मुद्द्याचं. चौदा आडवा: बिघडलेला नवरा झाडावर उड्या मारतो (३). पहिल्या घरात ‘वा’ आला होता कारण उभा शब्द ‘वावर’ होता. मावसभाऊ लगेच म्हणाला वानर, लिही. मी म्हटलं थांब, नवरा मोडला तर न, व आणि रा मिळतात, त्यातून वा कुठून आणशील आणि रा चा काना कुठं टाकशील? हे जमत नाही, दुसरं काहीतरी असणार. तो म्हणे झाडावर उड्या मारणारं दुसरं काय असणार, तू? शेवटी मी पेन हातात धरून बसलो आणि ते घर रिकामं राहिलं. उत्तर वानरच निघालं. एका क्लूनं पहिला नंबर गेला आणि मावसभाऊ लग्नातसुद्धा पंगतीत माझ्या शेजारी बसत नाही.

कोडं बनवणाऱ्याला मी नंतर विचारलं तर तो म्हणाला, उत्तर डोळ्यासमोर आलं होतं ना मग झालं. माझं म्हणणं उत्तर येणं वेगळं आणि ते पटणं वेगळं. तसाच अजून एक होता: चिखलातलं फूल विस्कटलं, लिहायला घ्या (३), उत्तर कलम. म्हणजे आधी फूल म्हणजे कमल हे मी ओळखायचं, मग ते कागदावर नसलेलं कमल मीच विस्कटायचं. हे बरोबर आहे का? अवघड असायला माझी काहीच हरकत नाही, पण अवघड आणि अन्याय यांच्यात धुरा, म्हणजे बांध, कुठं घालायचा ते सांगा.

लोणारकर

मले तं बाप्पा यातलं अर्धंच समजलं. नातू रडला हे ठीक हाये, लेकरू हाये, रडनारच. पोटात डाळ म्हंजे काय होय? अन् दोन अक्षरी डाळ मंजे मूग का? मूग कुठून आला रडन्यात?

बाकी भाऊ, बिघडलेला नवरा झाडावर चढते हे आमच्या गावात रोजचं हाये, त्याले क्लू कायले पाहिजे.

वावरातली_ताई

लोणारकर दादा, ‘नातू रडला’ हे अर्थ विसरून नुसती अक्षरं म्हणून वाचा. ना तू र ड ला. मधलं बघा: तू, र. तूर! ती ‘नातू रडला’च्या पोटात बसली आहे आणि डाळ हा तिचा अर्थ. पोटात हा शब्द म्हणजे खूण, की आत शोधा. मूग शोधायला गेलात तर दिवसभर शोधाल.

आता आर्णीवाला भाऊंचं. मी वरुडकडची, संत्र्याचा बगीचा आहे, आंबिया बहराला पाणी सोडून बसलं की हातात वेळच वेळ असतो आणि बरीच वर्षं मी द हिंदूचं इंग्रजी गूढकोडं फोनवर सोडवते. त्या पेपरात ते १९७१ पासून चालू आहे, आणि इंग्रजीत तर तुमच्यासारखंच भांडण जवळपास शंभर वर्षं चालू आहे त्यामुळे मावसभावाला सांगा तुम्ही दोघं एकटे नाही.

लंडनच्या ऑब्झर्व्हर पेपरात १९२६ पासून एक जण टॉर्क्वेमाडा या नावानं कोडी घालायचा. ते नाव स्पेनमधल्या धर्मछळाच्या प्रमुखाचं, म्हणजे लोकांना छळणार हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं! त्याची कोडी भन्नाट पण काही क्लू असे की उत्तर कळल्यावरही ते कसं आलं हे कळायचं नाही. १९३९ ला तो गेला आणि त्याच्या जागी झिमेनीस आला, हाही तसल्याच स्पॅनिश छळवाद्याच्या नावाचा, खरा शाळामास्तर. पण मास्तरनं शिस्त लावली. १९६६ मध्ये त्यानं या कलेवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या मागून आलेल्या अझेडनं त्याचं सार तीन गोष्टींत सांगितलं: क्लूमध्ये उत्तराचा नेमका अर्थ हवा, शब्दखेळाची रास्त खूण हवी, आणि तिसरं म्हणजे याशिवाय काहीही नको. अझेडची गंमत सांगते, इंग्रजीत ते नाव उलटं वाचलं तर डेझा होतं, तोही छळवादीच.

या मापानं ‘कलम’वाला क्लू बाद. उलटापालट करायची अक्षरं डोळ्यासमोर हवीत. चिखलातलं फूल म्हटलं तर कमल, पंकज, सरोज, नीरज, राजीव, कितीतरी. त्यातलं कोणतं घ्यायचं ते मी ठरवायचं, मग तीन अक्षरांच्या सहा मांडण्या करून पाहायच्या, आणि एवढं करूनही कागदावर त्याचा पुरावा काहीच नाही. होतं असं की ‘लिहायला’ वाचून कलम सुचतं आणि फूल आपण मागून जुळवून घेतो. तो क्लू सुटला असं मी म्हणत नाही, अंदाज लागला म्हणते. याच्याऐवजी ‘कविता मोडूनतोडून पैशासाठी देता (३)’ बघा. क, वि, ता तिन्ही समोर आहेत, मोडल्या की विकता. सोपं असेल पण एकही दाणा लपवलेला नाही.

आता कोणी म्हणेल मग ‘वेल उलटी चढली की ठेका मिळतो (२)’ हे कसं चालतं, तिथंही लता हा शब्द लिहिलेला नाही. चालतं, कारण उलटं करायला एकच रस्ता आहे, लता उलटवली की ताल आणि दुसरं काहीच नाही. विस्कटायला रस्ते अनेक. फरक एवढाच आहे पण तोच महत्त्वाचा.

आणि नवऱ्याचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूनं. ज्या कोड्यात एका घरात एक अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट बसतं, तिथं खेळाची सोंगटीसुद्धा तेवढीच असली पाहिजे. घर भरताना ‘वा’ हे एक अक्षर आणि मोडताना मात्र व वेगळा काना वेगळा, हे सोयीप्रमाणे झालं. शिवाय ‘उड्या मारतो’ हे क्रियापद झालं, वानर हे नाम. ‘उड्या मारणारा’ हवं होतं. याच्यावर पण पुष्कळ वाद आहेत, इंग्रजीत बरेच जण ते सोडून देतात, मी देत नाही.

अवघड आणि अन्याय यात मी गोंधळ होऊ देत नाही. ‘हवा कडाक्याची, आत सरळ काहीच नाही (३)’ घ्या. एका ग्रुपवर आला होता आणि मला संध्याकाळपर्यंत सुचला नव्हता. सगळं लक्ष थंडीत, शून्यात, पोकळीत. उत्तर ‘हवा कडाक्याची’ यातच पडलेलं: वाकडा. अवघड आहे आणि शंभर टक्के न्यायाचा आहे. तुमचं वानर उलट, दोन सेकंदात सुचतं आणि तरी अन्यायाचं.

लोणारकर

ताई वाकडा पाहून मी खाटेवरून पडलो. आता समजलं. हे तं व्यसन हाये बे.

दारव्ह्याचे_गुरुजी

नमस्कार. चर्चा वाचून राहवलं नाही, छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे.

आर्णीवाला, तुम्ही आणि ताई दोघंही ‘अक्षर’ हेच मोजमाप धरता, पण व्याकरणात पायाभूत गोष्ट आहे वर्ण. नवरा हा शब्द वर्णांत फोडा: न्, अ, व्, अ, र्, आ. वानर फोडा: व्, आ, न्, अ, र्, अ. तेच सहा वर्ण, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणजे कोडं घालणाऱ्यानं व्याकरणाच्या दृष्टीनं काडीचीही चूक केलेली नाही. उलट, कान्याला ‘र’ला चिकटलेली वस्तू समजणं ही लिपीची सवय झाली, भाषेची नव्हे. इंग्रजीत स्वर वेगळा लिहिला जातो म्हणून तो मोकळेपणानं हलतो आणि त्यावर कोणी तक्रार करत नाही. मग मराठीतला स्वर काय पाप करून आला आहे?

तेव्हा हा क्लू चुकीचा म्हणता येणार नाही. फार तर असं म्हणा की त्यानं कुठल्या हिशेबानं मोडतोड केली आहे ते आधी सांगितलं नाही. आपल्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले होते, एका अक्षराच्या जागी दुसरंच. बाहेरच्या माणसाला शतकानुशतकं त्यातलं काही उमगलं नाही, पण ती फसवणूक नव्हती कारण किल्ली ठरलेली होती आणि एकदा हाती आली की पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत तीच चालायची. कोडंकारानं किल्ली कोणतीही घ्यावी, पण एका कोड्यात एकच घ्यावी. त्याच कोड्यात दुसरा कुठला क्लू अक्षरांच्या हिशेबानं होता का, हे आर्णीवाला यांनी सांगावं, त्यावर माझा निकाल अवलंबून राहील.

आर्णीवाला

गुरुजी नमस्कार, तुम्ही तर माझीच दांडी उडवली. पण हो, होता. ताईंनी दिलाय तसाच लता-ताल सारखा एक होता: नाच उलटा केला की रब्बीत पेरतात (२). नाच, ना आणि च, उलटा केला की च आणि ना, चना. आता गुरुजी वर्णांनी उलटा करा बरं, न् आ च् अ चं उलटं अ च् आ न् होतं, अचान्! म्हणजे तिथं साहेबांनी अक्षरं धरली आणि नवऱ्याच्या वेळी वर्ण धरले. एकाच कागदावर, चार क्लू सोडून. हेच तर मी मावसभावाला सांगत होतो फक्त मला तुमच्यासारखं सांगता आलं नाही.

कोथरूडचा_पाहुणा

मध्ये तोंड घालतो, राग मानू नका. पण चना?? मराठीत चणा किंवा हरभरा. ण चा णा. नाच उलटा करून ‘चणा’ येतच नाही. म्हणजे तुम्ही काना इकडचा तिकडे गेला म्हणून भांडताय आणि तिकडे अख्खं व्यंजन बदललंय ते सगळ्यांनी गिळलं. मला हा क्लू वानरपेक्षा जास्त अन्यायाचा वाटतो. शब्दकोशात नसलेला शब्द कोड्यात घालायचा नाही हा तर पहिला नियम असायला हवा ना.

लोणारकर

पाहुणे, इकडं या एकडाव मार्केट यार्डात, गाडीवर चढून इचारा चणा काय भाव हाये. सारे तुमच्याकडं पाहतीन. चना लागते, चना निंघते, चन्याचा हुळा भाजून खातेत. न अन् ण चं आमचं काही भांडन नाही, आमी दोघाईले एकाच घरात ठेवतो.

वावरातली_ताई

पाहुण्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्यात दम आहे. बोलीतला शब्द घालायला हरकत नाही पण क्लूमध्ये तशी खूण पाहिजे. ‘नाच उलटा केला की आपल्याकडं रब्बीत पेरतात’ असं असतं तर ‘आपल्याकडं’ या एका शब्दानं सगळं कायदेशीर झालं असतं. स्पर्धा यवतमाळ जिल्ह्यात होती, बसलेले सगळे इथलेच, म्हणून कोणाला खटकलं नाही. हेच कोडं पुण्याच्या पेपरात आलं असतं तर मी पण पाहुण्यांसारखंच बोलले असते. आणि खरं तर ‘वावर’ पण तसंच आहे, तिकडं शेत म्हणतात, पण वावर निदान शब्दकोशात सापडतं. इंग्रजी कोड्यात तर स्कॉटलंडचा शब्द असला की क्लूमध्येच ‘ग्लासगोत’ वगैरे टाकून सांगतात, न सांगता ढकलला तर लोक पत्रं लिहून भंडावून सोडतात.

याच्यावरून दुसरं आठवलं जे मला नवऱ्यापेक्षा जास्त छळतं. ऱ्हस्व-दीर्घ. आडवा शब्द ‘नदी’, उभा ‘दिवस’, आणि दोघांचं घर एकच. त्या घरात काय लिहू? पुष्कळ मराठी कोड्यांत हे सर्रास असतं, वर बारीक अक्षरात लिहिलेलं पण नसतं. ज्याला शुद्धलेखन येत नाही तो पटकन भरून मोकळा आणि ज्याला येतं तो अडकून बसतो. आणि अडकणं पण छोटं नाही हं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, त्यामुळे आडव्या-उभ्याचं एक अक्षर मिळून फार काही कळत नाही. आपल्याकडं एकेका व्यंजनाची बाराखडी, त्यामुळे एक घर भरलं की तीन अक्षरी शब्दाचं अर्धं काम झालेलं असतं. एवढा भार ज्या घरावर आहे तेच घर ढिलं ठेवलं तर मग उरलं काय.

कोडंवाला

लिंक कोणीतरी पाठवली म्हणून आलो. तो कोडं बनवणारा मीच. नाव-गाव नको, आर्णीवाला ओळखतात.

आधी वानर. मी वर्णांनीच केला होता आणि जाणूनबुजून केला होता, गुरुजींनी जे फोडून दाखवलं तेच माझ्या वहीत आहे. आणि आर्णीवाला, चना-नाचमध्ये वर्ण उलटे केले नाहीत म्हणून मी बेइमान ठरत नाही. उलटं वाचणं ही वाचण्याची क्रिया आहे, ती अक्षरागणिक होते, कोणताही माणूस पाटी उलटी वाचताना अक्षरं उलटी वाचतो. मोडतोड ही मोडतोड आहे, मोडलेल्या वस्तूचे तुकडे कुठेही पडतात. नवरा बिघडला म्हटलंय, विस्कटला नाही म्हटलं. बिघडलेल्या वस्तूचा काना सुटून पडणार नाही तर काय?

कलम. तिथं मधलं अक्षर ‘ल’ उभ्या शब्दातून मिळत होतं. पंकज, सरोज, नीरज, राजीव, सांगा कुणात ल आहे. कमल सोडून दुसरं फूल उरतच नाही. कोडं म्हणजे नुसता क्लू नसतो, चौकट पण त्याचाच भाग असते. कोणी एकेक क्लू सुटा काढून तपासत असेल तर तो परीक्षेचा पेपर तपासतोय.

ताईंनी झिमेनीसचं सांगितलं. मग अरॉकेरियाचं पण सांगा. जॉन ग्रॅहम, पाद्री माणूस, गार्डियनमध्ये कोडी घालायचा आणि झिमेनीसचे नियम त्यानं बिनधास्त वाकवले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. २०१३ च्या जानेवारीत आपल्याला कॅन्सर झाल्याचं सुद्धा त्यानं वाचकांना कोड्यातून सांगितलं, त्याच वर्षी गेला. आणि योगायोग असा की अरॉकेरिया हे ज्या झाडाचं नाव त्याला इंग्रजीत मंकी पझल म्हणतात. म्हणजे माझं वानर आणि झाड दोन्ही घराण्याला धरूनच आहे.

चन्याचा खुलासा देणार नाही. आमच्या वावरात चनाच आहे.

आर्णीवाला

आले साहेब! बरं झालं. हे काना सुटून पडण्याचं त्या दिवशी सांगितलं असतं तर मी निम्मं ऐकलं असतं. पण बिघडलेला आणि विस्कटलेला यात फरक करून त्यावर नियम बदलायचे हे मी तिथं बसून कसं ओळखायचं?

एक विचारू का, कापूसमध्ये ‘पूस’ म्हणजे विचार हेच डोक्यात होतं ना? आमच्या टीममधला दोस्त म्हणत होता पूस म्हणजे पूस नदी, पुसदची.

कोडंवाला

विचारच. नदी असती तर ‘मिळेल’च्या जागी ‘वाहील’ टाकलं असतं. पण नदी घेऊनही उत्तर तेच येतं त्यामुळे दोस्ताचा मार्क बरोबर.

वावरातली_ताई

कोडंवाला दादा, कापूस आणि तूर या दोन क्लूंसाठी तुमच्या पाया पडते, एवढे स्वच्छ क्लू मराठीत मी फार थोडे पाहिलेत. म्हणूनच वानरवर भांडते, टुकार कोडं असतं तर इथं टाइप करत बसले नसते, मोटर बंद करायला जायचंय.

तुमचं चौकटीचं म्हणणं मला पटत नाही. ‘ल’ मिळाल्यावर कमल सापडतं हे खरं, पण ‘ल’ मिळाल्यावर कलम पण सापडतं आणि ते कमलच्या आधी सापडतं, कारण लिहायचं साधन, तीन अक्षरी, मध्ये ल. मग फुलाचं काम काय राहिलं? चौकट ही पडताळा घ्यायला असते, क्लू उणा पडला तर टेकू द्यायला नाही.

आणि मोडल्यावर काना सुटतो हे ऐकायला छान आहे पण हिशेब करा. अक्षरं धरून नवरा मोडला तर सहा मांडण्या. काना मोकळा सोडला तर प्रत्येक मांडणीत तो तीन जागी बसू शकतो, म्हणजे अठरा. रानव, नारव, वारन, कायकाय. तीन अक्षरी शब्दात हे जमून जातं. पाच अक्षरी शब्दात एक काना, एक वेलांटी आणि एक मात्रा सुटी सोडली तर सोडवणारा म्हातारा होईल. तुम्ही उद्या तसं केलंत तर मला तुम्हाला अडवायला नियम पाहिजे, आणि तो तीन अक्षरी शब्दालाच लावून ठेवला पाहिजे.

अरॉकेरियाचं म्हणाल तर तो नियम वाकवायचा हे वाचणाऱ्याला माहीत असायचं, क्लूच्या वर त्याचं नाव छापलेलं असायचं. नाव वाचूनच माणूस तयारीत बसायचा. तुमच्या कागदावर नाव कुठं होतं?

दारव्ह्याचे_गुरुजी

ताईंचा अठराचा हिशेब मी वहीत करून पाहिला, बरोबर आहे.

माझा निकाल देतो. क्लू शुद्ध आहे, कोडं अशुद्ध आहे. वर्णांचा खेळ करायचा हक्क कोडंकाराला पूर्ण आहे, पण शिरोभागी एक ओळ हवी: ‘मोडतोड वर्णांची’ किंवा ‘मोडतोड अक्षरांची’. एवढ्यानं आर्णीवाला यांचा मार्क वाचला असता आणि पंगतीतली जागाही. उलट वाचणं आणि मोडणं यातला कोडंवाला यांनी केलेला भेद मला मात्र मान्य आहे, तो युक्तिवाद चांगला आहे.

‘मारतो’ की ‘मारणारा’ यावर मी ताईंसोबत. शोधसूत्रातला अर्थ उत्तराच्या जागी ठेवून वाक्य चाललं पाहिजे.

जाता जाता, त्याच कोड्यात ‘कुठंही जा, पानं तीनच (३)’ असा क्लू होता असं आमच्या एका विद्यार्थ्यानं कळवलं. पळस. त्यात अक्षरांचा खेळ काहीच नाही, नुसती म्हण आणि तिच्यातून हळूच काढून घेतलेलं झाड, वर कंसातला तीनचा आकडा पानांशी जुळतो ते वेगळंच. ताईंच्या अझेडच्या मापानं हा बाद होतो, कारण रास्त खूण वगैरे काही नाही. तरी मला संपूर्ण कोड्यात हाच सर्वांत आवडला.

वावरातली_ताई

गुरुजी तो मलाही आवडला, पण आवडणं वेगळं. असे क्लू एका कोड्यात दोन-चार चालतात, आणि तिथं मात्र निदान एक घर तरी आडव्या-उभ्यातून मिळालंच पाहिजे कारण सोडवणाऱ्याकडं दुसरा पुरावाच नसतो. इथं चौकटीचा टेकू मला चालतो. म्हणी माहीत नसलेल्या पोरानं काय करायचं हा प्रश्न राहतोच.

कोथरूडचा_पाहुणा

पळस मला लगेच आला, ही म्हण आमच्याकडे पण आहे बरं का. चना अजूनही मान्य नाही.

कोडंवाला

गुरुजी, वरची ओळ टाकायला माझी हरकत नाही, पुढच्या वेळी वाचनालयवाल्यांना सांगतो. पण ‘मोडतोड वर्णांची’ हीच टाकणार. अक्षरांनीच खेळायचं ठरवलं तर मराठीत मोडून दुसरा शब्द होणारे शब्द किती उरतात ते ताईंनी एकदा कोडं बनवायला बसून पाहावं. कमल-कलम, कविता-विकता, असे हाताशी येतात तेवढे सगळे वापरून झाले की पुढं काय? वर्ण मोकळे केल्याशिवाय या भाषेत हा खेळ फार लांब जात नाही, आणि माझं भांडण खरं तर एवढंच आहे.

बाकी निकाल बदलणार नाही. रिकामं घर ते रिकामं घर.

वावरातली_ताई

हे शब्द उरत नाहीत म्हणालात ते मात्र खरं आहे, आणि त्याला माझ्याकडं आत्ता उत्तर नाही. पण शब्द पोटात लपवणं, जोडणं, उलटवणं, दोन अर्थ एका शब्दात घुसवणं, हे सगळं आपल्या भाषेत इंग्रजीपेक्षा सोपं जातं, तुमची तूर आणि कापूस बघा ना. मोडतोड इंग्रजीत जास्त चालते म्हणून आपणही तिच्याच मागं का लागायचं?

लोणारकर

मी पन एक बनवला, पाहा बरं बरोबर हाये का: हात, जो सरकारले द्याव लागते (२).

वावरातली_ताई

कर. हाताला पण कर, टॅक्सला पण कर. स्वच्छ आहे दादा! एकच, ‘जो’ काढून टाका आणि ‘हात सरकारले द्याव लागते’ एवढंच ठेवा, वाचायला अजून मजा येते.

आर्णीवाला

गुरुजींची पोस्ट मावसभावाला पाठवली. त्यानं फक्त ‘क्लू शुद्ध आहे’ एवढीच ओळ कापून स्टेटसला ठेवलीय.